हामेल आणि त्याचे सोबती : कोरियाने त्यांना डांबलं की सांभाळलं?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

१६ ऑगस्ट १६५३. डच ईस्ट इंडिया कंपनीचं 'स्पेरवेर' हे जहाज तैवानहून नागासाकीला निघालं होतं. वाटेत वादळात सापडलं आणि कोरियाच्या दक्षिणेला जेजू बेटाच्या खडकांवर आपटून फुटलं. जहाजावर ६४ जण होते, त्यांतले ३६ वाचले. कप्तान गेला. वाचलेल्यांत हेंड्रिक हामेल नावाचा विशीतला हिशेबनीस होता. तेरा वर्षांनी, १६६६ च्या सप्टेंबरात, तो आणि आणखी सात जण एका होडीतून जपानला पळाले. त्याने लिहिलेली हकिगत १६६८ मध्ये हॉलंडात छापली गेली आणि कोरिया आतून कसा आहे हे युरोपला पहिल्यांदाच सविस्तर कळलं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी 'तेरा वर्षांची कैद' म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं: कोरियाच्या तेव्हाच्या जोसोन राजवटीने या माणसांना परत जाऊ दिलं नाही हे खरं. पण त्या राज्याची तेव्हाची अवस्था पाहिली तर त्याला फार वेगळं काही करता आलं नसतं. आणि ज्या रीतीने त्यांना वागवलं, त्यात छळापेक्षा सांभाळणं जास्त आहे.

सुरुवातीचे दिवस बघा. शिडाच्या कापडाचा तंबू ठोकून किनाऱ्यावर बसलेल्या उपाशी, जखमी लोकांना हत्यारबंद फौजेने वेढा घातला. डच लोकांना वाटलं, आता संपलं. पण त्यांना आधी मिळाली ती भाताची पेज. तीही बेताने, कारण इतक्या उपासानंतर एकदम पोटभर खाल्लं तर बाधेल. फुटक्या जहाजातून वाहून आलेला माल अधिकाऱ्यांनी गोळा करून ठेवला आणि त्यातलं लोखंड वगैरे चोरणाऱ्या गावकऱ्यांना या परक्यांच्या देखत तळपायांवर फटके दिले. जेजूचा सुभेदार यी वोन-जिन याच्याबद्दल हामेल स्वतः लिहितो की ख्रिस्ती माणसांकडून मिळाली नसती इतकी चांगली वागणूक या मूर्तिपूजकाकडून मिळाली. हे त्या काळच्या एका डच माणसाने लिहावं याला मी फार महत्त्व देतो.

ऑक्टोबर अखेरीस त्यांच्यासमोर लांब तांबूस दाढीचा एक माणूस आणून उभा केला. कोरियन पोशाख, कोरियन बोली. तो निघाला यान यान्से वेल्टेव्हरे, हॉलंडमधल्या दे रैप गावचा. १६२७ मध्ये पाणी भरायला किनाऱ्यावर उतरला आणि पकडला गेला. त्याचे दोन सोबती पुढे मांचूंच्या (उत्तरेकडचे, पुढे चीनवर राज्य करणारे लोक) स्वारीत कोरियाच्या बाजूने लढताना मारले गेले. हा मात्र पार्क योन या नावाने राजधानीत राहिला, तोफांच्या कामात मुरला, लग्न केलं, मुलं झाली. मातृभाषा तो इतकी विसरला होता की सुरुवातीला त्याचं बोलणं हामेलच्या लोकांना धड कळेना. कोरियन नोंदी सांगतात की आपल्या मुलखातली माणसं बघून तो बाह्या भिजेपर्यंत रडला. त्यानेच त्यांना सांगितलं: आपणही परत जाऊ देण्याची विनंती केली होती, तेव्हा राजा म्हणाला, पंख असतील तर उडून जा, आम्ही परक्यांना बाहेर पाठवत नाही.

आता राजाची बाजू. १५९२ ते १५९८ जपानने देश उद्ध्वस्त केला. १६३७ मध्ये मांचूंपुढे राजाला गुडघे टेकून शरण जावं लागलं. १६५३ मध्ये गादीवर असलेला ह्योजोंग राजपुत्र असताना आठ वर्षं मांचूंकडे ओलीस होता. त्याच्या मनात चीनवर चढाई करून वचपा काढायचं होतं, त्यासाठी तो बंदुकधारी तयार करत होता, आणि हे सगळं मांचूंच्या वकिलांपासून लपवायचं होतं. अशा वेळी बंदूक-तोफ जाणणारे ३६ युरोपियन किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांना सोडलं तर ते कुठे जातील, कोणाला काय सांगतील? राजाने त्यांना हॉलंडला पाठवलं नाही, तसं मांचूंच्या हातीही दिलं नाही. राजरक्षकांच्या पथकात घेतलं, दरमहा तांदूळ दिला, बंदुका दिल्या, नाव-गाव कोरलेली लाकडी ओळखपट्टी दिली. मी याला कैद म्हणणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

अनघा_क

विषय उत्तम, लिहिलंय छान, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

तुम्ही पेजेपासून ओळखपट्टीपर्यंत आलात आणि थांबलात. १६५४ च्या वसंतात सहा जणांनी जेजूवरून होडी घेऊन पळायचा प्रयत्न केला. डोलकाठी मोडली, पकडले गेले. उघड्या पार्श्वभागावर प्रत्येकी २५ फटके. महिनाभर अंथरुणातून उठता आलं नाही. हेही हामेलच लिहितो.

मग १६५५ चा मार्च. मांचू वकील सोलमध्ये यायचा तेव्हा या लोकांना शहराबाहेर डोंगरी किल्ल्यात दडवलं जायचं. त्या खेपेला दोघे जण, एक सुकाणू बघणारा आणि एक गोलंदाज, सरपणाचं निमित्त काढून निघाले आणि वकिलाच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. एकाने वकिलाच्या घोड्याचा लगाम धरला आणि अंगावरचा कोरियन अंगरखा उघडून आत घातलेला डच पोशाख दाखवला. मला त्या माणसाची तगमग इथपर्यंत येऊन भिडते. त्याच्याकडे भाषा नव्हती, कागद नव्हता, फक्त अंगावरचे कपडे होते. दोघांना तुरुंगात टाकलं आणि ते तिथेच मेले. दरबाराने वकिलाला लाच देऊन प्रकरण मिटवलं आणि उरलेल्यांना मारून टाकावं का यावर चर्चा झाली. मारलं नाही हे खरं. राजाच्या भावाने विरोध केला. पण १६५६ मध्ये सगळ्यांना दक्षिणेला चोल्ला प्रांतात हद्दपार केलं.

३६ होते. १६६३ मध्ये २२ उरले. १६६६ मध्ये १६. 'सांभाळलं' हा शब्द मी या आकड्यांपुढे लिहू शकत नाही.

वेंगुर्लेकर

धागाकर्त्यांशी बराचसा सहमत. अनघाताई, तुमचे मुद्दे खरे आहेत, पण सतराव्या शतकातल्या बाकीच्या किनाऱ्यांवर काय चालत होतं तेही बघावं लागेल.

आमच्या वेंगुर्ल्यात याच डच कंपनीची वखार १६३७ पासून होती. कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा परवाना नसलेलं गलबत सापडलं की ते माल आणि माणसांसकट जप्त व्हायचं. याच डच कंपनीने १६२१ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळासाठी जे केलं, त्यानंतर तिथली मूळ वस्ती जवळजवळ उरली नाही; मेले, पळाले किंवा गुलाम करून बटाव्हियाला (आजचं जकार्ता) नेले. वेल्टेव्हरे ज्या मोहिमेवर होता तीही चिनी जहाजं पकडण्याचीच होती. 'औवेरकेर्क' जहाजाने पकडलेल्या चिनी जंक गलबतावर त्याला पाठवलं होतं. कोरियाच्या किनाऱ्यावर आलेली ही माणसं निरुपद्रवी प्रवासी नव्हती.

आणि फुटलेल्या जहाजाच्या मालाबद्दल. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रज वकील ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या मागण्यांत एक कलम होतं: किनाऱ्यावर फुटलेल्या आमच्या जहाजांचा माल आम्हाला परत मिळावा. महाराजांच्या बाजूने हरकत घेतली गेली ती याच कलमावर आणि नाण्यांच्या कलमावर. कोकणच्या जुन्या रिवाजाप्रमाणे असा माल राजाचा. इंग्रजांना दिलं तर फ्रेंच, डच, सगळेच मागतील. म्हणजे आपल्याकडेही फुटलेल्या जहाजावर राज्याचा हक्क होता. जेजूच्या अधिकाऱ्यांनी तर हरणाची कातडी या लोकांना परत दिली आणि सोलमध्ये तीच विकून त्यांनी कपडालत्ता आणि राहायची सोय केली. हे त्या काळाच्या मानाने उदारच म्हणायला हवं.

अनघा_क

@वेंगुर्लेकर, बांदाचं पाप मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मला कंपनीचं काडीचंही समर्थन करायचं नाही. पण ते पाप कोणाच्या माथी मारायचं? पळालेल्या आठ जणांची नावं आणि वयं उपलब्ध आहेत. सर्वांत धाकटा डेनिस होव्हर्टसेन, रॉटरडॅमचा, १६६६ साली २५ वर्षांचा. म्हणजे जहाज फुटलं तेव्हा १२ वर्षांचा पोर्‍या. त्याचा बाप होव्हर्ट त्याच जहाजावर तांडेलाच्या बरोबरीचं काम करायचा, तोही वाचला, तोही या आठांत आहे. बारा ते पंचवीस. त्या मुलाचं मिसरूड परमुलखात फुटलं, बाप त्याच्यासमोर म्हातारपणाकडे झुकला. त्याने बांदात कोणाला मारलं होतं?

माल परत दिला म्हणून माणूस ठेवून घेण्याचा हक्क मिळतो, असं मला मान्य नाही.

ग्रंथसंग्राहक

दोन्ही बाजू हामेलच्याच हकिगतीवर उभ्या आहेत, म्हणून ती हकिगत कशी तयार झाली ते सांगतो.

कंपनीचा नियम होता की जहाज गेलं की खलाशांचा पगार त्या दिवसापासून बंद. त्यामुळे तेरा वर्षांचा पगार मागायचा तर आपण कामचुकार नव्हतो, पळपुटे नव्हतो, जबरदस्तीने अडकून पडलो होतो, हे दाखवणं भाग होतं. हामेल हिशेबनीस होता आणि त्याने लिहिलं ते कंपनीच्या वरिष्ठांसाठी. साहजिकच फटके, भीक, उपासमार, पहारा यांची नोंद ठळक होते आणि एखाद्याचं तिथे लग्न झालं असेल, संसार असेल, तर त्याची नोंद होत नाही. मी त्याला खोटारडा म्हणत नाही. कोरियन नोंदींशी त्याच्या मुख्य गोष्टी जुळतात. पण तो काय गाळतो हे लक्षात घेऊन वाचायला हवं.

छापखान्यांनी आणखी भर घातली. अॅमस्टरडॅमच्या एका आवृत्तीत हत्तींची चित्रं आणि मगरींची वर्णनं आहेत. कोरियात मगरी नाहीत. हामेलच्या मूळ टिपणात त्या नव्हत्याच. युरोपात कोरियाबद्दल जी भीती पसरली तिच्यात अशा भरताडाचाही वाटा आहे, आणि ती बराच काळ टिकली. १७८७ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज जेजूच्या जवळून गेला, बेटाच्या सुंदर शेतांचं कौतुक केलं आणि उतरला नाही. कारण त्याने हामेलच्या लोकांचं काय झालं ते वाचलं होतं.

गंमत म्हणून नव्हे, तर दोन्हीकडची नजर कळावी म्हणून एक गोष्ट सांगतो. सोलमध्ये या लोकांबद्दल अफवा होती की ते राक्षसासारखे दिसतात आणि पाणी पिताना त्यांना नाक कानामागे वळवून ठेवावं लागतं. लोक बघायला इतकी गर्दी करायचे की सुरुवातीला त्यांना रस्त्यावर चालणं मुश्कील झालं. हळूहळू सरदारांच्या घरून बोलावणी येऊ लागली. आणि हामेल नोंदवतो की बघितल्यावर अनेकांना ते आपल्या लोकांपेक्षा देखणेच वाटले.

कॅप्टन_निवृत्त

मी व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलं आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

राजाने काय केलं यावर तुम्ही सगळे भांडताय. मला सर्वांत जास्त चीड येते ती वर सांगितलेल्या नियमाची. जहाज बुडालं की पगार बंद! बुडणाऱ्या जहाजावर माल वाचवायला जीव टाकायचा आणि किनाऱ्याला लागलात की तुम्ही कंपनीचे कोणी नाही. तेरा वर्षांत या माणसांचा शोध घेण्यासाठी कंपनीने काय केलं? जहाज बुडालं असं धरलं आणि खातं बंद केलं. परत आल्यावरही पूर्ण पगार नाहीच. संचालकांनी मेहेरबानी म्हणून थोडी रक्कम दिली. कोरियाच्या राजाने निदान तांदूळ दिला होता.

हे जुनं झालं असं समजू नका. आजही मालक दिवाळं काढतो, जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर नांगरलेलं राहतं आणि खलाशी महिनोन् महिने पगाराविना, कधीकधी पाण्याविना त्यावर अडकून पडतात. अशा वाऱ्यावर सोडलेल्यांत भारतीय मोठ्या संख्येने असतात. बंदराचं सरकार उतरू देत नाही, मालक फोन उचलत नाही.

तरीही मूळ प्रश्नावर मी अनघाताईंच्या बाजूने. समुद्रातून वाचलेल्या माणसाचं घरी जाणं हे उपकाराचं काम नाही, देणं आहे. हा कायदा आज लेखी आहे, तेव्हा नव्हता. पण दर्यावर फिरणाऱ्या माणसाला तो तेव्हाही कळत होता. कोरियाच्या दरबारालाही कळत असणारच, कारण वादळाने आलेल्या चिनी आणि जपानी माणसांना ते परत पाठवतच होते.

दर्यावर्दी

@कॅप्टन, नेमका तिथेच माझा मुद्दा आहे. चिनी माणूस आला तर चीनच्या वाटेने, जपानी आला तर पुसानमधल्या जपानी वखारीतून. म्हणजे पाठवण्याची रीत होती, मार्ग ठरलेले होते, त्यामागे राज्याराज्यांतले करार होते. हॉलंडशी कुठलंच नातं नव्हतं. कोणाच्या हाती सोपवायचं? मांचूंकडे दिलं असतं तर चौकशी सुरू झाली असती. आणि ख्रिस्ती लोकांबद्दल जपानचं धोरण तेव्हा किती कडक होतं हे आपण जाणतो.

अनघाताई, उपासमारीबद्दल. १६६० ते १६६२ ही दुष्काळाची वर्षं होती. त्या प्रांतात कोरियन माणसंही रस्त्यावर मरत होती. प्रांताला तांदूळ पुरवणं जमेना म्हणूनच १६६३ मध्ये या २२ जणांना तीन गावांत वाटलं: १२ येओसूला, पाच सुनचॉनला, पाच नामवॉनला. भीक मागावी लागली ती याच काळात. आणि हामेल सांगतो की बौद्ध भिक्षू त्यांना आपुलकीने वागवायचे, परदेशातल्या गोष्टी ऐकायला बसवून ठेवायचे, कधीकधी रात्र उजाडेपर्यंत. हाल झाले हे मी नाकारत नाही. ते हाल राज्याने ठरवून केले असं म्हणता येत नाही.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. तुमची सगळ्यांची चर्चा युरोपियन माणूस कोरियात अडकला इथून सुरू होते. माझ्या मते ती साठ वर्षं उशिरा सुरू होते.

जपानच्या त्या १५९२-९८ च्या स्वारीत हजारो कोरियन बायका-पुरुष-मुलं पकडून जपानात नेली आणि नागासाकीच्या बाजारात विकली. घेणारे कोण? त्यांत पोर्तुगीज व्यापारी मोठ्या संख्येने होते. तिथल्या बिशपने १५९८ मध्ये हा व्यापार करणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याची घोषणा केली, म्हणजे प्रकार किती बोकाळला असेल. त्याच सुमारास फ्रान्सिस्को कार्लेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी नागासाकीला होता. तो लिहितो की त्याने पाच कोरियन माणसं विकत घेतली, पाचांसाठी मिळून जेमतेम बारा स्कुदी मोजून. त्यांना बाप्तिस्मा देऊन तो गोव्याला घेऊन आला आणि इथे मुक्त केलं. एक जण त्याच्याबरोबर पुढे युरोपला गेला, आंतोनियो या नावाने रोममध्ये राहिला. बाकीचे गोव्यातच राहिले.

म्हणजे १६०० च्या आसपास आमच्या गोव्याच्या रस्त्यांवर कोरियन माणसं होती. त्यांचं पुढे काय झालं याची कुठे नोंद नाही. त्यांनी पगार मागायला टिपण लिहिलं नाही. त्यांना सोडवायला कोणी पत्र पाठवलं नाही. आणि आपण सगळे हामेलचे फटके मोजतोय.

सेस्पेदेस हा स्पॅनिश जेझुइट पाद्री १५९३ च्या अखेरीस कोरियात पोचला, कोरियाच्या भूमीवर पाय ठेवणारा पहिला युरोपियन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तोही आला तो आक्रमण करणाऱ्या जपानी सैन्याच्या छावणीत, त्या सैन्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी. युरोपियन म्हणजे काय याचा कोरियन लोकांना पहिला अनुभव कोणत्या बाजूने आला हे त्यावरून दिसतं. ह्योजोंगच्या दरबाराने परक्यांवर विश्वास का ठेवावा?

अनघा_क

@मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा. हे चार जण गोव्यात राहिले हे वाचून मी सुन्न झाले.

पण मला हा युक्तिवाद उलट दिशेने जाताना दिसतो. ज्या देशाची हजारो माणसं परमुलखात अडकली, त्या देशाने ती परत मिळवण्यासाठी जपानला वारंवार वकील पाठवले. १६०७ पासून गेलेल्या पहिल्या काही वकिलातींचं एक मोठं काम हेच होतं, पकडून नेलेल्यांना घरी आणणं. म्हणजे घरापासून तोडलेला माणूस म्हणजे काय हे त्या दरबाराला कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असतं त्याच्याकडून अपेक्षा जास्त असते.

सोलवासी

मी काही वर्षं कोरियात राहतो. इथे हामेलबद्दल राग वगैरे काही नाही, उलट कौतुक आहे. जेजूला सान्बांगसानच्या पायथ्याशी स्मारक आहे, येओसूच्या धक्क्यावर त्याच्या नावाचं लाल दीपगृह आहे, गांगजिनला वस्तुसंग्रहालय आहे. गांगजिनजवळच्या ब्योंगयोंगमध्ये दगडी कुंपणं आहेत, दगड तिरपे, एका थरात डावीकडे तर पुढच्या थरात उजवीकडे कललेले. ही पद्धत डच लोकांनी शिकवली असं गावकरी मानतात. पुरावा मागू नका, पण गावाला ते मानायला आवडतं हे मी पाहिलं आहे.

मला दुसऱ्या एका माणसाचं नाव इथे आणायचं आहे. मून सुन-दुक, उइदो बेटावरचा मासळीचा व्यापारी. पाकटासारख्या एका चपट्या माशाचा व्यापार करायचा. १८०१ च्या अखेरीस वादळाने त्याची होडी जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांना लागली. तिथून परत पाठवताना पुन्हा वादळ, आणि तो थेट फिलिपिन्समधल्या लुझोनला. तिथून मकाव, मग चीनमधून चालत-वाहत १८०५ मध्ये घरी. तिथे हद्दपारीत असलेला विद्वान जोंग याक-जोन याने त्याची हकिगत लिहून घेतली.

आता ऐका. १८०१ मध्येच जेजूवर पाच परदेशी लागले होते. त्यांची भाषा कोणालाच कळेना. चीनकडे पाठवले, चीनने परत पाठवले. वर्षानुवर्षं ते तसेच पडून होते, मध्ये काही मेलेही. मून परत आल्यावर त्याच्या मदतीने कळलं की हे लुझोनचे लोक, आणि १८०९ मध्ये त्यांना घरी पाठवलं. म्हणजे माणूस कुठला हे कळलं आणि मार्ग सापडला, की दरबार पाठवत होता. अडचण होती ती माहितीची, दुष्टपणाची नाही. हामेलच्या वेळी असा मून कोणी नव्हता.

अनघा_क

@सोलवासी, होता की! वेल्टेव्हरे होता. २६ वर्षं तिथे राहिलेला, दोन्हीकडचं जाणणारा. हे लोक कुठले, कुठे निघाले होते, हे पहिल्या काही महिन्यांत दरबाराला कळलं होतं. 'आम्हाला नागासाकीला जायचंय, तिथे आमची वखार आहे' हे त्यांनी सांगितलं होतं. माहिती पूर्ण होती.

दर्यावर्दी

१८१६ चं एक दृश्य देतो, कारण परक्यांना दूर ठेवण्याचा भार प्रत्यक्षात कोणाच्या डोक्यावर होता हे त्यातून दिसतं. 'अल्सेस्ट' आणि 'लायरा' ही ब्रिटिश जहाजं चीनला वकिलात पोचवून मोकळी झाली होती, ती कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याला आली. 'लायरा'चा कप्तान बेसिल हॉल याने ते लिहून ठेवलं आहे. भली मोठी टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध अधिकारी जहाजावर आला. सगळं कुतूहलाने पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी-काट्याने नाश्ताही केला. पण इंग्रज किनाऱ्यावर उतरले तसा तो रडायला लागला. गळ्यावरून हात फिरवून खुणेने सांगू लागला की माझं डोकं जाईल. कोरियन नोंदींत त्याचं नाव आहे, जो दे-बोक. निघताना त्याला बायबलची प्रत दिली.

हॉलला त्या म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटलं आणि ते लोक निघून गेले. १७९७ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी ब्रॉटन पुसानला आला तेव्हाही लाकूड-पाणी देऊन 'आता जा' एवढंच सांगितलं. १८४७ मध्ये दोन फ्रेंच लढाऊ जहाजं वाळूत रुतली, साडेपाचशेच्या वर माणसं बेटावर. आणि हे फ्रेंच तर आपल्या मिशनऱ्यांना मारल्याचा जाब विचारायला आले होते. तरी कोरियाने अन्न दिलं, होड्या देऊ केल्या. या लोकांना छळाची हौस नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की आमच्या दारात येऊ नका.

वेंगुर्लेकर

आणि दारात आले तेव्हा काय झालं तेही सांगा. १८६६ मध्ये फ्रेंच कांगह्वा बेटावर उतरले, राजग्रंथालय लुटून बाकीचं जाळलं. त्यातले २९७ खंड कोरियाला परत मिळाले ते २०११ मध्ये, तेही कायमचे नव्हे, पाच-पाच वर्षांच्या मुदतीने 'उसने'. फटक्यांचा हिशेब करताना हेही खात्यावर मांडा.

अनघा_क

मांडते. कांगह्वाची लूट ही लूटच होती, आणि ते खंड उसने म्हणून देणं हा आजच्या फ्रान्सचा कद्रूपणा आहे. पण १८६६ चा गुन्हा १६५३ चं समर्थन करू शकत नाही, कालक्रम तसा उलटा फिरत नाही.

धागाकर्त्यांच्या 'कोणाच्या हाती सोपवायचं?' या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे. आठ जण होडीतून पळाले (ती होडी त्यांनी बेटांवरून कापूस आणायचा आहे असं सांगून दुप्पट किमतीला घेतली होती), जपानच्या गोतो बेटांना लागले आणि तिथून नागासाकीला पोचले. जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना ५४ प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, वर्षभर देशिमावर (नागासाकीतलं डच वखारीचं बेट) थांबवलं. कोणाचं डोकं उडवलं नाही, कारण डच लोक तिथे परवान्याने व्यापार करतात हे जपानला माहीत होतं. मग जपानने त्सुशिमामार्फत (दोन्ही देशांमधलं बेट) कोरियाला विचारणा केली आणि १६६८ मध्ये उरलेल्यांतले सात जण परत आले. लढाई नाही, मांचूंची चौकशी नाही, काहीच नाही. एक पत्र गेलं, माणसं सुटली. पुसानची ती वखार १६५३ मध्येही तिथेच होती.

दर्यावर्दी

हा प्रतिवाद वजनदार आहे, त्याला नीट उत्तर देतो. १६५३ आणि १६६८ मध्ये राजा बदलला होता. ह्योजोंग १६५९ मध्ये गेला आणि चीनवरच्या चढाईचा बेत त्याच्याबरोबर मागे पडला. लपवण्यासारखं फारसं उरलं नाही, म्हणून १६६८ मध्ये सोडणं सोपं गेलं. ह्योजोंगच्या हयातीत हे लोक त्याच्या बंदुका, त्याचं पथक, डोंगरी किल्ला आतून पाहिलेले साक्षीदार होते. १६५५ मध्ये त्या दोघांनी मांचू वकिलाचा लगाम धरल्यावर तर कुठलाही राजा त्यांना देशाबाहेर जाऊ देणार नाही. राज्य वाचवायचं असेल तर ३६ माणसांचं घरी जाणं मागे पडतं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, तरी राजाच्या जागी मीही तेच केलं असतं.

अनघा_क

ठीक. ह्योजोंगपुरतं, १६५५ पर्यंतचं, तुमचं म्हणणं एक वेळ समजून घेते.

पण ह्योजोंग १६५९ मध्ये गेला. तुम्हीच म्हणता की त्यानंतर लपवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मग १६५९ ते १६६६ ही सात वर्षं? चोल्लातल्या एका सुभेदाराच्या जागी दुसरा येत होता. एक कनवाळू असला तर जरा मोकळीक, दुसरा आला की चौकातलं गवत उपटायला लावणार, दिवसभर पावसात उभं करणार. याच सात वर्षांत दुष्काळ आला आणि बरेचसे मेले. आठ जण पळाले हेसुद्धा सोलला आपल्या अधिकाऱ्यांकडून आधी कळलं नाही, जपानकडून विचारणा आली तेव्हा कळलं. तेव्हा राज्याला त्यांची गरज नव्हती, त्यांची भीती नव्हती, त्यांची आठवणही नव्हती. त्या सात वर्षांसाठी कोणतं राजकारण पुढे करणार आहात, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.